काटेवाल्याचे दोन तास

आमच्या धावण्याच्या ग्रुपात तेरा माणसं होती आणि दर रविवारी संध्याकाळी प्रत्येकाने आपले आठवड्याचे किलोमीटर लिहायचे, असा नियम होता. नियम मीच केलेला. मी शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे तिथेही मास्तरच, आणि किलोमीटरचा तक्ता माझ्या ताब्यात. लोक वाट्टेल ते लिहायचे. 'साधारण तीस.' 'पस्तीसच्या आसपास असतील बुवा.' दातांची डॉक्टरीण तर एकदा नुसतं 'खूप' असं लिहून मोकळी झाली. माझा पारा चढायचा. सगळ्यांत फक्त एक माणूस नीट आकडा लिहायचा: ३८.४.

"अरे, साडेअडतीस लिही की," मी म्हणायचो.

"नाही ना झाले, मास्तर."

हा काटेवाला. दुकानांतले वजनकाटे दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. घरालाच लागून एक अरुंद खोली होती, तिच्यात एक लांब टेबल, टेबलावर उघडे पडलेले काटे आणि कोपऱ्यात पेटीत ठेवलेली प्रमाण वजनं. ती वजनं तो कधी उघड्या हाताने उचलायचा नाही, फडक्याने धरायचा. हाताच्या घामानेसुद्धा फरक पडतो म्हणे. दुरुस्त झालेल्या काट्यावर आधी मधोमध वजन ठेवायचा, मग चारही कोपऱ्यांवर आळीपाळीने. पाचही ठिकाणी तोच आकडा आला तर काटा खरा, नाहीतर पुन्हा उघडायचा. गिऱ्हाईक दारात ताटकळत उभं असलं तरी तो हलायचा नाही. "चला हो, कुठे सोनं तोलायचंय?" असं भाजीवाला म्हणाला की हा म्हणायचा, "भाजी घेणाऱ्याला विचारा." असल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी बऱ्याचदा घातला, आणि दरवेळी हात टेकले.

एकेचाळिसाव्या वर्षी तो चामडी चपला घालून बागेत धावायला आला आणि तिसऱ्या फेरीला पट्टा तुटला. आम्ही पोट धरून हसलो. तोही हसला, चपला हातात घेतल्या आणि अनवाणी उरलेल्या दोन फेऱ्या पूर्ण केल्या. पाच ठरवल्या होत्या ना. पुढे बूट आले, घड्याळ आलं, पण धावणं तसंच राहिलं. मान ताठ, कोपर अंगाला चिकटलेले, काठोकाठ भरलेली कळशी नेणाऱ्या माणसासारखा तो जपून धावायचा.

त्याला एकच गोष्ट हवी होती. एकवीस किलोमीटर आणि वर शंभर मीटरची शर्यत, दोन तासांच्या आत, एकदा. जगात पोरंटोरं दीड तासात धावतात, हे त्याला माहीत होतं. "त्यांचं त्यांच्यापाशी," तो म्हणायचा. "मी आयुष्यभर दुसऱ्यांचे काटे बरोबर केले, मास्तर. एकदा माझा आकडा बरोबर यावा."

पहिल्या वर्षी दोन तास एक्केचाळीस सेकंद लागले. दुसऱ्या वर्षी दोन तास अठरा सेकंद. त्या अठरा सेकंदांवरून आम्ही त्याला भंडावून सोडलं, कारण पाण्याच्या टेबलापाशी हा गृहस्थ रिकामा पेला टाकायला कचऱ्याचा डबा शोधत थांबला होता. ग्रुपात कोणीतरी 'दोन तास! अभिनंदन!' असं लिहिलं, तर याने लगेच खाली उत्तर टाकलं, 'दोन तास अठरा सेकंद.'

तिसऱ्या वर्षी त्याने नावच घातलं नाही. आधी सरावात ती गती येऊ दे, मग नाव घालतो, असा त्याचा हिशेब. गती आली तेव्हा नावनोंदणी बंद झाली होती. मी त्याला काय काय बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. नेमकी तेव्हाच माझी टाच धरली. पाऊल टेकलं की कळ थेट डोक्यात जायची. डॉक्टरांनी सहा आठवडे धावायचं नाही म्हणून सांगितलं, आणि माझ्या नावाचा नंबर, छातीवर लावायचा तो कापडी कागद, मी आधीच आणून ठेवलेला.

शर्यतीच्या आदल्या दिवशी तो नंबर घेऊन मी त्याच्याकडे गेलो.

"नको, मास्तर," तो म्हणाला. "माझ्या धंद्यात याला खोट्या शिक्क्याचं वजन म्हणतात."

"अरे, सगळेच करतात. कोण बघतंय?"

"तेच तर. कोणी बघत नाही म्हणूनच."

मी एक तास त्याचं डोकं खाल्लं. इतक्या सरावाची माती करणार का, पुढच्या वर्षी गुडघे राहतील का, आणि वहिनी, तुम्ही तरी सांगा याला. वहिनी म्हणजे त्याची बायको. त्या खिडकीपाशी शिवत बसल्या होत्या. "तुम्हा दोघांमध्ये मी पडत नाही, भाऊजी," त्या म्हणाल्या. "मी आपली दरवेळी शेवटाला त्यांच्या चपला घेऊन उभी राहते, तशी उद्याही राहीन." शेवटी तो कबूल झाला. माझ्यासारख्या हट्टी माणसाचं ऐकून तो आयुष्यात एकदाच वाकडं वागला.

नंबराच्या मागच्या बाजूला धावणाऱ्याचं नाव आणि घरच्या माणसाचा फोन लिहायची जागा असते. मी ती सवयीने आधीच भरली होती. माझं नाव, माझ्या बायकोचा फोन. त्याने कागद उलटा केला आणि विचारलं, "हे खोडून हिचा फोन लिहू का?"

मी म्हणालो, "खाडाखोड कशाला करतोस? पकडले गेलो तर दोघंही जाऊ. आणि तुला काय धाड भरलीये?"

हे वाक्य माझंच आहे. ते बोललो तेव्हाचा माझा आवाजसुद्धा मला आठवतो. चांगला खणखणीत होता.

रात्री ग्रुपात सगळ्यांनी आपापली उद्दिष्टं लिहिली. डॉक्टरीणबाईंनी लिहिलं, 'जिवंत परत येणे.' काटेवाल्याने लिहिलं, '१:५९:५९. त्याच्यापुढे काही मिळालं तर वरकड.' लोक खूप हसले.

सकाळी सहाला शर्यत सुटली. मी टाचेखाली गरम पाण्याची पिशवी घेऊन पलंगावर, हातात फोन. रस्त्यावर ठरावीक अंतराने पट्टे टाकलेले असतात. धावणाऱ्याचा पाय तिथे पडला की त्याची वेळ लगेच फोनवर दिसते. दिसत होतं माझं नाव, पण धावत होता तो. पाच किलोमीटर, २८:१५. दहा, ५६:३६. पंधरा, १:२४:५५. इतकं एकसारखं की माझ्या अंगावर काटा आला. मी ग्रुपात उंटावरून शेळ्या हाकायला सुरुवात केली. 'आता चढ आहे, सांभाळ.' त्याचा फोन वहिनींच्या पर्समध्ये होता, तो काय वाचणार? वीस किलोमीटर, १:५३:०९. उरलं एक किलोमीटर आणि शंभर मीटर, हातात सहा मिनिटं पन्नास सेकंद. मी गणित मांडलं. त्याच गतीने एक तास एकोणसाठ मिनिटं बावीस सेकंद. मी पलंगावरून ओरडलो, "अगं, काटेवाला जातोय!" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "कुठे?"

मग आकडा येईना. दोन तास झाले. दोन तास पाच मिनिटं झाली. मला संताप आला. चालायला लागला असणार, गाढव. कचऱ्याचा डबा शोधत असणार. मी ग्रुपात लिहिलं, 'शेवटच्या किलोमीटरला माती खाल्ली पठ्ठ्याने.'

चार जणांनी त्यावर हसरे चेहरे टाकले. ते अजून तिथेच आहेत. पुसून टाकायची माझी छाती झाली नाही.

सव्वाआठच्या सुमाराला बायकोचा फोन वाजला. ती दोन वाक्यं बोलली आणि तिने तो कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी विचारलं, "कोण आहे?"

"कोणीतरी भामटा. म्हणतो, तुमचे मिस्टर शर्यतीत कोसळलेत, लगेच या. मी म्हटलं, मिस्टर माझ्यासमोर बसून चहा पितायत, दुसरं गिऱ्हाईक बघा."

मला हसू आलं. खरंच आलं, एखादा क्षण. मग मला नंबराच्या मागे लिहिलेला बायकोचा फोन आठवला.

मी त्याचा फोन लावला. वहिनींनी उचलला. मागे ढोलताशासारखा लाऊडस्पीकर चालला होता. "भाऊजी, कुठे राहिले हो हे?" त्या म्हणाल्या. "सगळे येऊन गेले. मी मदतीच्या तंबूत विचारलं तर तिथला माणूस म्हणाला, या नावाचं कोणी धावतच नाहीये. मी म्हटलं, अहो, सकाळी मीच तर सोडलंय."

मला त्यांना सांगावं लागलं. कोणत्या शब्दांत सांगितलं, ते मला आठवत नाही.

तो शेवटच्या वळणावर पडला होता, शर्यत संपते त्या कमानीपासून पाचशे मीटरवर. रुग्णवाहिका त्याला घेऊन कमानीजवळूनच गेली. गर्दीबरोबर वहिनींनीही बाजूला होऊन तिला वाट करून दिली होती. गाडीतच तो गेला. हॉस्पिटलच्या खिडकीपाशी कारकुनाने मला विचारलं, "तुम्ही पेशंटचे कोण?" मी म्हणालो, "कागदावर ज्याचं नाव आहे, तो मी." त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माझ्या नावापुढे 'मयत' असं लिहिलेलं मी वाचलं. जवळजवळ तास-दीड तास तो तिथे माझं नाव लावून पडला होता आणि त्याच्या नावाचं जगात कोणी मेलं नव्हतं.

नंतर सगळे म्हणाले, मास्तर, हृदयच ते, कुठेही बंद पडलं असतं. डॉक्टरीणबाईंनी मला हे तीन वेळा समजावून सांगितलं. पटतं मला. पण ते सगळं ओलांडून मी पुन्हा नंबराच्या त्या मागच्या बाजूपाशी येतो. तो खोडायला तयार होता. त्याच्या हातात पेन होतं.

महिन्याभराने वहिनींनी बोलावलं. कामाच्या खोलीत बसलो. लोक आपापले काटे घेऊन गेले होते, टेबल रिकामं होतं. त्यांनी विचारलं, "भाऊजी, ते दोन तासांत येत होते का?"

मी फोनवर शर्यतीचं पान उघडलं. आयोजकांनी दुखवट्याचं पत्र पाठवलं होतं, पण निकालाची यादी दुसऱ्याच कोणाच्या हातात असावी. तिथे माझं नाव, चार आकडे आणि पुढे 'अपूर्ण', असं सगळं जसंच्या तसं होतं. मी त्यांना बावीस सेकंदांपर्यंतचं गणित समजावलं. त्यांनी ते लक्ष देऊन ऐकलं, पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "एवढं एक त्यांच्या नावावर करून मिळेल का? कागदावर. मुलीला दाखवायला."

मुलगी सासरी, सातवा महिना. मी म्हणालो, "मिळेल म्हणजे काय? मिळवतोच."

घरी येऊन मी आयोजकांना दोन पानांचं पत्र लिहिलं. काही लपवलं नाही. नंबर माझा, हट्ट माझा, धावला तो. नाव बदला, आणि मला हवी ती शिक्षा करा. खरं सांगितल्यावर मला बरं वाटलं, हेही कबूल करतो. महिन्याभरात पहिल्यांदा शांत झोपलो.

आठव्या दिवशी उत्तर आलं. नंबर दुसऱ्याला देणं नियमबाह्य असल्यामुळे सदर नोंद रद्द करण्यात आली आहे. मला दोन वर्षं बंदी. मी घाईघाईने पान उघडलं. माझ्या वरचा होता, खालचा होता, मधली ओळ नव्हती. त्या पानाचा फोटो काढून ठेवायची अक्कल, तीस वर्षं मुलांना 'कच्चं काम जपून ठेवा' सांगणाऱ्या मला, सुचली नव्हती.

वहिनींना सांगायला गेलो तेव्हा पत्राची प्रत सोबत नेली. त्यांनी ती दोनदा वाचली.

"तुम्हाला खरं सांगायला कोणी सांगितलं होतं, भाऊजी?" त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "तुमच्या नावावर का होईना, होतं ना ते. मी रोज रात्री फोनवर ते पान उघडून बघत होते."

माझ्या प्रामाणिकपणाने बरं वाटलं ते फक्त मला, आणि किंमत दुसऱ्याच कोणी मोजली. हे मला तिथे, त्या रिकाम्या टेबलापाशी बसल्यावर समजलं. मी माफी मागितली. त्यांनी ती घेतली की नाही, कळलं नाही.

त्या उठल्या आणि आतून एक वही आणि पेन घेऊन आल्या. कोरं पान काढलं, वर त्याचं पूर्ण नाव लिहिलं, खाली रेघ मारली.

"तुम्हाला पाठ असतील," त्या म्हणाल्या. "सांगा."

मी सांगत गेलो. पाच किलोमीटर, अठ्ठावीस पंधरा. दहा, छप्पन्न छत्तीस. पंधरा, एक चोवीस पंचावन्न. वीस, एक त्रेपन्न शून्य नऊ. त्या सावकाश, एकाखाली एक, लिहीत होत्या. चौथा आकडा लिहून झाला, त्यांनी खालच्या ओळीवर पेन टेकवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"पुढे?"

"पुढे नाही, वहिनी," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. पेन मात्र तिथून उचललं नाही.