खांबामागचे अंगठे

सौंसरच्या जुन्या बँकेची इमारत मुळात बँकेसाठी बांधलेलीच नव्हती. ती एका कापूस व्यापाऱ्याची पेढी होती. व्यापारी नागपूरला गेला आणि बँक आली. कापसाच्या खोलीत तिजोरी बसली, ओसरीवर रांग लागायला लागली. चार जाड खांब, वर कौलं. उन्हाळ्यात गावात एवढी थंड जागा दुसरी नव्हती, म्हणून काम नसलेली माणसंही तिथे पाय पसरून बसायची. साहेब ओरडायचे, कोणी हलायचं नाही.

आम्ही बोरगावचे. आई दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायची. वडील गेल्यावर तिची पेन्शन या बँकेत यायची. अंगठा दिला की लोक शाई सरळ खांबाला पुसायचे. दिवाळीला चुना मारला की संक्रांतीपर्यंत खांब पुन्हा जांभळे. आई मात्र शेवटच्या खांबामागे, भिंतीकडच्या सांदीत जायची. साहेब रागावतील ही भीती. आणि ती पुसायची नाही. शाई संपेपर्यंत खांबाच्या पाठीवर अंगठा दाबत राहायची, एकाखाली एक, फिकट होत जाणारे ठसे.

"चाल ना माय, बस सुटून राहिली," मी वैतागायचे.

"थांब वं. एवढी शाई हाय, वाया काऊन घालवू?"

शाईसुद्धा वाया घालवायची नाही! काय बाई होती. तिच्या अंगठ्यावर विळा लागल्याची आडवी खूण होती, ती प्रत्येक ठशात उमटायची. त्या सांदीत चुनेवाल्याचा कुंचा कधी पोचला नाही.

मागच्या वर्षी आई गेली. तिचा फोटो एकच, आधारकार्डावरचा, आणि त्यात ती चोरी करताना पकडल्यासारखी दिसते. बँक तोवर नागपूर रोडवर काचेच्या इमारतीत गेली होती. जुनी जागा एका कापड दुकानदाराने घेतली. तो ती पाडणार असं कळलं, तेव्हा मी पांढुर्ण्यात होते, नोकरीच्या गावी. लगेच फोन केला. शाईचे डाग राखा, असं परक्या माणसाला कसं सांगणार? म्हटलं, "भाऊ, डावीकडचा शेवटचा खांब तेवढा ठेवा. माझ्या आईची आठवण आहे तिथे."

"ठेवतो ताई. शब्द देला."

रविवारी गेले. इमारत भुईसपाट झाली होती आणि मोकळ्या जागेत तो एक खांब उभा होता. पांढऱ्या ऑइलपेंटने चकाकत होता. कुंकवाचं बोट, झेंडूचा हार. आमच्याकडे मान द्यायचा म्हणजे हेच. शेंदराचा दगड असो की नवा ट्रॅक्टर, आधी घासूनपुसून लख्ख करायचं, मग हार घालायचा.

"पाहा ताई, मी सोता उभा राहून घासून घेतला. मांगून तं लय घाण होती. डाग निघूनच नव्हते राहिले, शेवटी अ‍ॅसिड मारलं."

मी मागे गेले. हात फिरवला. गुळगुळीत. खांबालाच धरून उभी राहिले. त्या माणसाला शिव्या द्याव्या तर कशाबद्दल? एवढा खर्च त्याने माझ्या आईसाठी केला होता, आणि मी खूश झाले का ते बघत तो हात पुसत उभा होता.

"छान केलं भाऊ," मी म्हटलं.

त्याने चहा मागवला.

"आई इथंच बसत होती काय, ताई?"

"हो," मी म्हटलं. "इथेच बसायची."