नुसतं अडकवलेलं कुलूप

माझी धाकटी बहीण एस्तेर गेली त्याला आता महिना होत आला. आम्ही सगळे तिला इस्तरच म्हणायचो. त्या सकाळी मी अकोल्याला, बाळापूर रोडवरच्या माझ्या वेल्डिंगच्या दुकानात होतो. फोन आला तो तिच्या अमरावतीच्या शेजारणीचा, कल्पनाबाईंचा. "भाऊ, इस्तरताई गेल्या," एवढंच त्या बोलल्या आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला, "कोनं मारलं?" त्या म्हणाल्या, "कोनंच नाई हो भाऊ. झोपेतच गेल्या. डब्याच्या टायमाले उठल्या नाई म्हणून मी पाहाले गेली." मी हातातली पक्कड खाली ठेवली. रडू नाही आलं, आधी राग आला. इतकी वर्षं मी या बाईला सांगत आलो की एक दिवस कोणीतरी परका माणूस तुझ्याच घरात तुला मारून जाईल. तिनं कधी ऐकलं नाही, आणि गेली ती अशी, गादीवर, उशीखाली हात घालून. मला खोटं पाडून गेली. असं जातं का माणूस?

आम्ही दोघं मिशनच्या आवारात वाढलो. बाप तिथं माळीकाम करायचा. मी चौथीतून शाळा सोडली आणि लोहाराच्या भात्यावर बसलो, इस्तर सातवीपर्यंत शिकली. पुढं मी ग्रील, गेट, शटर करायला लागलो. अकोल्यात माझ्या हातची गेटं आजही उभी आहेत, एक बिजागरी लोंबलेली दाखवा. लोकांच्या घरात चोर शिरू नये हाच माझा धंदा. आणि माझ्या सख्ख्या बहिणीचं घर, राजापेठेत शिकवणी वर्गांच्या मागच्या गल्लीत, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत सताड उघडं. नवरा एसटीत कंडक्टर होता, तो लवकर गेला. एकुलती मुलगी नीता, ती लग्न होऊन पुण्याला. इस्तर एकटी राहून शिकवणीच्या पोरांचे डबे करायची. डबे गेले की उरलेला स्वयंपाक ज्याला भूक असेल त्याचा. उरलेला कसला, ती मुद्दाम जास्त करायची. दवाखान्यात पेशंट घेऊन आलेले मेळघाटातले लोक, एसटी चुकलेले, घरून भांडून निघालेले, दारू पिऊन उतरलेले… कोणीही यावं. त्यांना ती घरात बसवायची, पंख्याखाली, आपल्या चटईवर. मी म्हणायचो, दे ना बाई, कोण नाही म्हणतो, पण बाहेर ओट्यावर दे. ती म्हणायची, "ओट्यावर ऊन आहे, भाऊ."

मी काही अधर्मी माणूस नाही. रविवारची उपासना चुकवत नाही. परक्याला जेवू घालावं हे प्रभूनं सांगितलं ते मलाही ऐकू येतं. पण एकट्या म्हाताऱ्या बाईनं अनोळखी पुरुष घरात घ्यावा आणि त्याच्याकडं पाठ करून पोळ्या लाटत बसावं, असं प्रभूनं कुठं सांगितलं ते मला दाखवा. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना मी हेच विचारलं. ते म्हणाले, दोन्ही बाजू बरोबर आहेत. अशा उत्तराला मी कुठून वेल्डिंग मारू?

शेवटी नियम मीच काढला. "जो येईन त्याले प्रभूची प्रार्थना म्हणाले लाव," मी इस्तरला सांगितलं, "आली तर आपला मानूस, घरात घे. नाई आली तर ओट्यावर." मला वाटलं याच्याइतका पक्का बंदोबस्त दुसरा नाही. इस्तरनं लगेच मान हलवली. ती लगेच मान हलवायची तेव्हाच समजून जायचं की काही खरं नाही. पुढच्या खेपेला मी गेलो तर माझ्या समोरच चिखलदऱ्याकडचा एक कोरकू माणूस दारात आला. बायको दवाखान्यात, अंगावरचा सदरा दोन-तीन दिवसांचा. मी म्हटलं, विचार. तिनं विचारलं. त्या बिचाऱ्याला प्रार्थना काय माहीत! मग ही बाई त्याच्यासमोर उभी राहून एकेक ओळ म्हणू लागली आणि तो हात बांधून शाळेतल्या पोरासारखा तिच्या मागून म्हणू लागला. पार आमेनपर्यंत. मग माझ्याकडं वळून म्हणते, "झाला पास. आता पोळी टाकू का?"

आणि त्याच नियमात चोर पास झाला. इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले, बोलणं गोड. म्हणाला, मी दुसऱ्या गावच्या चर्चच्या मंडळीतला, बसमध्ये खिसा कापला गेला. प्रार्थना त्यानं डोळे मिटून, चालीवर, अशी म्हटली की भिंतीपलीकडं कल्पनाबाई लाटणं थांबवून ऐकत राहिल्या. इस्तरला बाजारातून कोथिंबीर आणायची होती. ती त्याला घरात बसवून गेली. परत येते तर डब्यांचे दोन्ही मोठे कुकर, भरलेलं सिलिंडर आणि तिचा मोबाइल, सगळं गायब. मी मिळेल त्या गाडीनं अमरावतीला निघालो. मूर्तिजापूर येईपर्यंत मनात नुसतं जुळवत होतो, काय काय बोलायचं. जाऊन पाहतो तर ही कल्पनाबाईंच्या गॅसवर पोरांचं वरण शिजवत उभी. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "भाऊ, तुया परीक्षेत असा हुशार गडी आजपावतर आला नोता. एक शब्द चुकला नाई." आणि हसली. मला काही हसू आलं नाही. माझी सगळी जुळवाजुळव वाया गेली.

नीताला कळलं तेव्हा मात्र घर हललं. ती पुण्याहून आली, आईसमोर बसली आणि म्हणाली, "आई, एक तर ही माणसं घरात घेणं बंद कर, नाहीतर घर भाड्यानं देऊ आणि तू माझ्याकडं चल. सकाळी फोन वाजला की मला वाटतं, तुझंच काहीतरी झालं." पोरीचं काही चुकलं नव्हतं. पण इस्तर एकदा तिच्याकडं वरच्या माळ्यावरच्या फ्लॅटमध्ये राहून आली होती आणि आल्यावर मला म्हणाली होती, "तठी भुकेला मानूस खालीच वॉचमनपाशी अडते, भाऊ. मी दिवसभर काय करू?" तिला तिचं घर सोडायचं नव्हतं. "नीताले समजाव," आयुष्यात तिनं माझ्याकडं तेवढंच मागितलं. मी नीताला शब्द दिला, मी ग्रील बसवून देतो, मग तर झालं ना?

अशी ग्रील मी कोणाला करून दिली नव्हती. ओट्याला खालपासून वरपर्यंत, जाड चौकोनी सळ्या, इतक्या जवळ जवळ की बोटं जातील पण मूठ जाणार नाही. मधोमध गेट, त्यावर पितळी कुलूप. पुढच्या महिन्यात गेलो तर गल्लीच्या तोंडावरूनच कुलूप दिसलं. बरं वाटलं. जवळ जाऊन पाहतो तर ते नुसतं अडकवलेलं, दांडी दाबलेलीच नाही. आत पंख्याखाली दोन परके गडी वरण-भात चेपत बसलेले. इस्तर म्हणते, "लांबून लावल्यावानी दिसते ना. नीताले फोटो बी पाठवला. तुया धंद्याची इज्जत राह्यली, आनखीन काय पायजे तुले?"

त्या दिवशी मी खरंच भांडलो. ते दोघं गेल्यावर विचारलं, "तुले भेव लागत नाई का?" मला वाटलं ती आता प्रभूचं नाव घेईल, आणि त्याची मी तयारी ठेवली होती. ती परात घासत होती. म्हणाली, "लागते ना. रोज लागते. नवा मानूस दारात उभा राह्यला का धस्स होते." "मंग काहून उघडतं?" "त्याले बी लागत असन ना, भाऊ. लोकाच्या दारी उभं राहून भाकर मांगाची म्हणजे…" तिनं परात उलटी केली. "दोघायले बी भेव लागते. कोनं तरी एकानं पयले हालाव लागते."

याला उत्तर माझ्याकडं होतं. अजूनही आहे. तो तुला मारू शकतो, तू त्याला मारू शकत नाहीस, मग हे भेव सारखं कसं झालं? पण ते तिथं सुचलं नाही, परतताना गाडीत सुचलं. घरी पोचल्याबरोबर फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "बरोबर आहे तुयं," आणि डबे भरायला गेली. बरोबर आहे म्हणणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, हा मोठा त्रास आहे.

मातीच्या दिवशी मी सारखा दफनभूमीच्या गेटकडं पाहत होतो. वाटलं होतं, तिच्या हातचं खाऊन गेलेली माणसं येतील. एकही आला नाही. नीता म्हणाली, "मामा, त्यांना सांगणार कोण? आईनं कोणाचं नाव-गाव विचारलेलंच नाही." तेही खरं. तरी मला राग आला तो आलाच.

आले ते नंतर. नीतानं किल्ली माझ्याकडं दिली आणि सांगितलं, सामान काढा, रंग मारून घ्या, एका शिकवणीवाल्याला ती जागा हवी आहे. मी तिथंच मुक्काम केला. कुलूप लावलं, दांडी दाबून, ओढून पाहिलं. दुसऱ्याच दुपारी सळ्यांत बोटं अडकवून एक बाई उभी. "माय कुठी गेली?" म्हटलं, "वारली." ती हळूच म्हणाली, "मंग… पोळी?" मला इतका संताप आला की मी तोंड फिरवून आत गेलो. मरणाची बातमी सांगितली आणि ही पोळी मागते. आतून पाहिलं तर तिच्या हातात दवाखान्याची पिशवी होती. घरात केळी होती, ती सळ्यांमधून एकेक करून दिली. दुसऱ्या दिवशी आणखी दोघं, मग आणखी. प्रत्येकाला सांगायचं, वारली. प्रत्येक जण ऐकून घेणार, आणि तरीही भुकेला. आपल्या बहिणीचं मरण माणसानं दिवसातून किती वेळा सांगावं?

म्हणून अकोल्याहून ग्राइंडर आणला. ग्रीलच्या खालच्या अंगाला सळ्या कापून आडवी फट केली, भरलेलं ताट जाईल एवढी. कडा घासून गुळगुळीत केल्या, कोणाचा हात कापायला नको. ताट जाईल, माणूस जाणार नाही. पाळकसाहेबांना जे जमलं नाही ते मी अर्ध्या दिवसात लोखंडात करून दाखवलं. मला स्वयंपाकातलं एकच येतं, खिचडी, आणि सोबत मिरचीचा ठेचा. काही दिवस फटीतून ताटं जात राहिली, रिकामी परत येत राहिली. फार व्यवस्थित चाललं होतं.

परवा दुपारी एक जण आला. धिप्पाड, दाढी वाढलेली, डोळे लाल, कपाळावर जुनी खोक. ज्याच्या भीतीनं लोक माझ्याकडून ग्रील करून घेतात तोच माणूस. मी ताट सरकवलं. तो बाहेर मांडी घालून बसला, दोन घास खाल्ले आणि त्याला ठेचा लागला. असा ठसका की थांबेचना. मी धावत तांब्या भरून आणला. तो फटीतून जाईना. उभा जात नाही आणि आडवा केला की पाणी सांडतं. पेल्याचं तेच. मी माप घेतलं होतं ते ताटाचं. वाटीनं पाजता आलं असतं, असं कल्पनाबाई मागाहून म्हणाल्या, मागाहून सगळ्यांनाच सुचतं. तो खोकून खोकून काळानिळा झालेला, मी अलीकडे तांब्या धरून उभा आणि किल्ली माझ्या खिशात. भेव लागलं, ते मी नाकारत नाही. कुलूप काढलं. तो आत आला, तांब्या दोन्ही हातांनी धरून रिकामा केला, आणि श्वास लागल्यावर पहिलं काय बोलला तर, "ठेचा लय जोरदार झाला, बाबा. माय कमी तिखट कराची."

"मले असाच येते," मी म्हटलं.

राहिलेली खिचडी त्यानं पंख्याखाली बसून खाल्ली. कोणी सांगितलं नाही, तरी उठून मागच्या नळावर ताट घासलं आणि सरळ स्वयंपाकघरात गेला. दाराआडच्या लोखंडी मांडणीत वरून दुसऱ्या खणात ताटं उभी लावायची असतात, हे त्याला माहीत होतं. मी इतके दिवस ती स्वयंपाकाच्या ओट्यावर पालथी टाकत होतो. त्यानं तीही उचलून जागच्या जागी लावायला घेतली. तेवढ्यात नीताचा फोन आला. "मामा, शिकवणीवाले सोमवारी येऊन राहिले. किल्ली देता ना त्यांना?" म्हटलं, इतक्यात नाही, ग्रीलचं काम निघालं आहे. तिनं विचारलं, किती दिवस लागतील? आत ताटं लावल्याचा आवाज येत होता, आणि गेट मी अजून लावलेलं नव्हतं. मी म्हटलं, "लोखंडाचं काम आहे, पोरी. घाईनं होत नाई."