किशनमामांचा चढ

लग्नाच्या पंगतीत पहिला घास खाऊन किशनमामा आचाऱ्याकडे असं बघत, की जणू बिचाऱ्याच्या घरी काहीतरी वाईट घडलंय. मग म्हणत, "जमतंय. भूक लागल्यावर मानूस काय बी खातो." याहून मोठी स्तुती त्यांच्या तोंडून गंगाखेडात कुणी ऐकली नव्हती. ते आमचे शेजारी. तीसेक वर्षं कारखान्याला ऊस वाहणारा ट्रॅक्टर त्यांनी चालवला. मणक्यानं दगा दिल्यावर ओट्यावर बसून जगाचे दोष काढणं, एवढंच काम उरलं होतं.

मी पुण्यातली नोकरी सोडून घरी आले ती मोबाइलवरचा एक खेळ बनवायला. उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, शेतापासून कारखान्यापर्यंतचा रस्ता. बाबांनी एक वर्षाची मुदत दिली होती, त्यातले सात महिने संपले होते. मोठ्या हौसेनं मी पहिली लेव्हल मामांना दाखवली. माझा ट्रॅक्टर खड्ड्यांवरून उड्या मारत सुसाट सुटायचा. मामांनी मोबाइल हातभर लांब धरला.

"ह्ये काय करायलीस गं माय? ट्रॅक्टर हाय का नाकतोडा?"

"खेळ आहे, मामा."

"भरलेली ट्रॉली अशी उडती व्हय? आन् कारखान्यात गेली की लगेच रिकामी? नंबर कुठाय? आमी दीड-दीड दिवस नंबरला बसलोत. बेकार. समदं खोटं."

मला ते झोंबलं. दोन महिने खपून मी सगळं खरं केलं. ट्रॅक्टर रखडत चालू लागला, खड्ड्यात रुतू लागला. कारखान्याच्या आवारात वाहनांची रांग लागली आणि खेळणाऱ्यानं वीस मिनिटं नुसतं थांबायचं. मामांनी चार मिनिटं धीर धरला आणि मोबाइल माझ्या मांडीवर टाकला.

"ह्यो खेळ हाय का नोकरी? जिंदगीभर नंबरला बसलो, आता ओट्यावर बी बसू का?"

"मामा, तुम्हीच म्हणालात ना, खोटं आहे म्हणून!" माझा आवाज चढला.

"खोटं हाय म्हनलो. खरं कर, असं कवा म्हनलो?"

माझे डोळे भरून आले. मामांना ते दिसलं असावं, पण मऊ बोलणं त्यांना जमायचं नाही. "एवढी शिकली, पर इचारावं काय ते कळंना," असं पुटपुटत त्यांनी सांगायला सुरुवात केली. "रस्ता लय कंटाळवाना असतोय. एकच जागा हाय, नदीकडचा चढ. ट्रॉल्या मागं वढत्यात, ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलत्यात. तवा मानूस जागा व्हतो. तेवढंच ठिव. बाकीचं दे फेकून."

मी रांग काढली, सपाट रस्ता काढला. उरला तो चढ. पुढची चाकं उचलली की स्टिअरिंग ऐकेनासं व्हायचं. वेग जरा चुकला की ट्रॉल्या मागं घसरून उलटायच्या, उसाच्या मोळ्या रस्ताभर. ते उलटणं तर मी फार मन लावून केलं होतं.

मामा खेळायला बसले. त्यांचा उजवा पाय ओट्याच्या फरशीवर दाबला गेला, ब्रेकवर असावा तसा. ट्रॉल्या घसरल्या, उलटल्या. मामांनी मोबाइल फरशीवर पालथा ठेवला.

"ह्ये काढ."

"पण मामा, हे तर अगदी खरं..."

"खरं हाय म्हनूनच काढ. माझा धाकला भाऊ, म्हादू, शेजारी बसला व्हता. त्याच चढावर गेला त्यो. मागं येऊ दे, थांबू दे, लागंल तितक्या येळा परत चढू दे. पर उलटू दिऊ नको."

इतकी वर्षं शेजारी राहून मला हे ठाऊक नव्हतं. मी उलटणं काढून टाकलं.

खेळ मुदतीत बाहेर आला आणि लोकांना आवडला. चुकलं तरी त्याच क्षणी पुन्हा चढायला लागता येतं, याचंच त्यांना वेड लागलं. मामांना सांगितलं, तर म्हणाले, "लोकायला काम न्हाई." गेल्या उन्हाळ्यात ते गेले.

खेळाखाली शेरे अजून येतात. परवा एकानं लिहिलं, "एवढ्या चढावर ट्रॉली उलटत कशी नाही? बनवणाऱ्यानं जन्मात कधी ट्रॅक्टर पाहिलाय का?" त्याला उत्तर लिहायला मी दोनदा बसले, दोनदा पुसलं. ट्रॉली मात्र उलटू दिलेली नाही.