दुसऱ्या पाइपाचं तोंड

दिलसरी गोबर गॅसचे घुमट बांधायची. नेपाळातल्या पाल्प्याच्या डोंगरात कुठल्याही अंगणात उतारावर बसून पलीकडच्या घराकडे बोट दाखवावं, तिथे तिचा हात लागलेला असायचा. तिच्या घरी मात्र चूल लाकडावर पेटत होती.

नवरा मलेशियात. घरात सासू मनरूपा, एक म्हैस आणि ती. लाकूड रानात, रान चढणीपलीकडे. पहाटे डोको, बांबूची टोपली, पाठीला लावून निघालं तरी भारा घरी टाकेपर्यंत ऊन चढायचं. तोवर कामावर बाकीच्यांनी माल कालवून अर्धी भिंत उचललेली असायची. ठेकेदारानं या खेपेला तोंडावर सांगितलं, “दिदी, हात तुझा चांगला आहे. पण मला वेळेवर येणारा हात पाहिजे. दशैंच्या सणानंतर वेळेवर येणार असशील तर ये.”

म्हणून तिनं स्वतःच्या अंगणात खड्डा घेतला. घरी गॅस आला तर लाकूड सुटणार होतं, लाकूड सुटलं तर थापी हातात राहणार होती.

खणला तिनंच. दगडाची गोल भिंत रचली. मग मातीनं पुन्हा भरून वर घुमटाचा आकार घोटला, त्यावर एका दमात काँक्रीट ओतलं. घट्ट झाल्यावर आतली माती उकरून, टोपलीनं बाहेर काढली. जी माती आधी काढायची, तीच भरायची, आणि तीच पुन्हा काढायची. हे काम असंच असतं; करणाऱ्याची पाठ जाणते.

राहिला आतला गिलावा. आत जायला एकच वाट, वापरलेल्या शेणाची मळी बाहेर पडते ती. गुडघे पोटाशी घेऊन शिरायचं. आत माणूस असला की तोंडाशी दुसरं माणूस बसलंच पाहिजे, हा कामाचा नियम. मनरूपा बसली, हातात आरसा घेऊन. बाहेरचं ऊन आरशावर घ्यायचं आणि आत सोडायचं, तेवढाच उजेड.

“कान्छी, आहेस ना जिवंत?” धाकटी सून म्हणून ती तिला कान्छीच म्हणायची.

“आहे, आमा. उजेड जरा डावीकडे घ्या.”

“तुझी डावी का माझी?”

“म्हशीकडची.”

उजेड सरकला आणि भिंतीतून आत आलेल्या दोन पाइपांच्या तोंडांवर थांबला.

“एक शेणाचा. आणि हा दुसरा कशाला? आपल्या म्हशीला ढुंगणं दोन आहेत काय?”

“सगळीकडे दोन ठेवतात, आमा.”

“कशाला ठेवतात ते मला शिकवू नकोस. संडासाचं सोडतात आणि त्याच्यावर भात शिजवतात.”

“एका म्हशीच्या शेणात चहा होईल, डाळ होईल. भात नाही व्हायचा. आणि आग ती आगच ना?”

“कुळाच्या देवाचा भात त्याच चुलीवर शिजतो. आग कुठून आली, देव विचारतो. तू नसशील विचारत. बुजव ते.”

दिलसरीची थापी भिंतीवर फिरतच राहिली. म्हातारीनं आरसा मांडीवर पालथा घातला.

एवढा काळोख तिनं कामावर कधी पाहिला नव्हता. सिमेंटचा ओला वास, स्वतःचा श्वास स्वतःच्याच तोंडावर परत येत होता. बाहेर जायची वाट होती, पण त्या वाटेत म्हातारी बसली होती. पाटीतला माल आळायला लागला होता. बोट घालून पाहिलं. अजून थोडा वेळ, मग तो भिंतीला धरणार नव्हता, आणि न धरलेल्या गिलाव्यातून गॅस उडून जातो.

“बुजवते, आमा.”

तिनं अंधारातच तळाची चिकणमाती ओंजळीनं उचलली, पाइपाच्या तोंडात दाबली. वरून सिमेंटचा पापुद्रा फिरवला, पापडाएवढा. नंतर पाइपाच्या अंगणातल्या वरच्या तोंडातून बांबू घालून एक दणका दिला की फुटेल, असा. संडासापासून तिथवर दोन हात पाइप जोडायचा, की झालं.

“सिमेंटनं ना?”

“सिमेंटनं.”

उजेड परत आला. त्या जागेवर बराच वेळ राहिला. मग म्हशीकडे सरकला.

गॅस आला. निळी ज्योत लागली तेव्हा म्हातारीनं चहा केला, शेजारणींना बोलावून पाजला, “आमच्या कान्छीनं बांधलाय” म्हणाली. डाळ शिजेपर्यंत ज्योत बसली. भात लाकडावर. डोको पुन्हा पाठीला लागला. दशैं झाली, आणि तिच्या जागी ठेकेदारानं बुटवल शहरातला गवंडी घेतला.

मग एका दुपारी म्हातारी झोपलेली पाहून दिलसरीनं पाइपाच्या वरच्या तोंडावरचा दगड सरकवला. बांबू आत सोडला. तळाशी टेकला, हाताला कळलं.

“जोर लाव की.”

मनरूपा मागे उभी होती, हातात लोटा.

“जन्मभर घरं सारवलीत मी. माती आरशातसुद्धा ओळखते. पापुद्र्याच्या कडेला लाल दिसत होती.”

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“बोलले असते तर भांडण झालं असतं, आणि तुझा माल वाळून गेला असता.” म्हातारीनं लोटा खाली ठेवला. “मी गेले की फोड. तेरावं होऊ दे, घर शुद्ध होऊ दे, मग फोड. माझी ना नाही. तोवर देवाच्या चुलीला हात लावायचा नाही.”

दिलसरीनं बांबू वर ओढला. तो संडासामागं उभा करून ठेवला.

त्या हिवाळ्यात म्हातारीला खोकला लागला. पहाटे डोको उचलताना दिलसरी नेहमीसारखी विचारून गेली, “रात्री झोप लागली का, आमा? खोकला कसा आहे?” आणि विचारता विचारता तिला संडासामागचा बांबू आठवला. तिनं मान वळवली.

“बरा आहे,” गोधडीतून आवाज आला. “तुझा बांबू कुजेल आधी.”

दिलसरीनं डोकोचा पट्टा कपाळावर ओढून घेतला आणि चढणीला लागली.