मधला रविवार

अक्कांना तुटक रेघ सहन होत नसे. नरडाण्याच्या आमच्या तेलगिरणीत त्या प्रयोगशाळा सांभाळायच्या, मी ऑफिस. सरकीच्या ढिगात लांब सळईचा थर्मामीटर खुपसून रोज आकडा घ्यायचा, एक्सेलमध्ये भरायचा आणि एक्सेलला जोडलेल्या एका छोट्या प्रोग्रॅमने, ॲड-इनने, त्या ठिपक्यांमधून वळणदार रेघ काढायची, हा त्यांचा नेम. "ठिपके आपण पाहिलेले असतात," त्या म्हणायच्या. "घडतं ते मधल्या जागेत."

ही सवय त्या माझ्या घरापर्यंत आणत. माझ्या मुलीला ताप आला, तेव्हा मी मोजलेले आकडे त्यांनी मागून घेतले. रात्रीचा आणि सकाळचा आकडा बरा होता. त्या दोहोंच्या मध्ये रेघ उंच चढलेली.

"पहाटे बराच चढून उतरला असणार. तू झोपली होतीस."

"अक्का, चहा तरी पिऊ द्या," मी म्हटलं. त्या हसल्या नाहीत.

त्या हिवाळ्यात सरकी ओलसर आली होती. ओली सरकी आतून तापते, हे गिरणीत सगळ्यांना ठाऊक. पण थंडीत हमाल मुद्दाम ढिगावर बसून भाकरी खायचे. खालून ऊब यायची. रविवारी प्रयोगशाळेला सुट्टी आणि गोदामाचे पंखे बंद. हमालांचं काम मात्र चालू. सोमवारी पंखे सुरू झाल्यावर आकडा घेतला जाई, तो उतरलेलाच असे. अक्कांच्या रेघेला शनिवार आणि सोमवारच्या मध्ये दर आठवड्याला उंचवटा येऊ लागला. प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठा.

त्यांनी गिरणीच्या मालकांना, शेठजींना, कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर बसवलं. "ढीग उकरून पसरवावा लागेल."

"रेघेतला हा डोंगर मोजलाय कोणी?"

"नाही. अंदाज आहे." अक्का प्रामाणिक, तिथेच चुकल्या. ॲड-इनमधला दुसरा पर्याय दाबून त्यांनी दाखवलं, की मोजलेल्या आकड्यांच्या वर न जाणारी रेघही काढता येते. उंचवटा गेला.

"मग हीच ठेवा ना, अक्का. हीपण गुळगुळीतच आहे!" शेठजी उठले. "ऐन हंगामात ढीग उकरायचा नाही."

पुढच्या रविवारी अक्का धुळ्याच्या घरून एकट्याच गिरणीत गेल्या. पुढचं मला हमालांचे मुकादम दगडूभाऊ यांनी सांगितलं. सळई बाहेर काढून अक्कांनी आकडा पाहिला, मोठ्याने वाचला आणि जेवायला बसलेल्या हमालांना खाली हाकललं.

"बठ्ठा उतरनात, ताई. मी सांगं, अक्का, तुम्ही बी या. त्या म्हने, एक ठिकानना आकडा पुरत नई, तठे बी देखू दे."

हमाल सगळे उतरले होते; आणखी एका ठिकाणचा आकडा बघायला अक्का एकट्याच वर थांबल्या. त्या दुसऱ्या जागी त्यांच्या पायाखालची सरकी आत बसली. आतून जळून ढीग पोकळ झाला होता. त्यांना बाहेर काढेपर्यंत धुरानं काम केलं होतं.

अक्का गेल्यावर मी त्यांचा कॉम्प्युटर उघडला आणि दगडूभाऊंनी ऐकलेला आकडा रविवारच्या रिकाम्या चौकटीत भरला. दोन्ही पर्याय लावून पाहिले. आता दोन्ही रेघा त्याच ठिपक्यातून गेल्या. तो अक्कांच्या उंचवट्याच्याही वर होता.

मी दगडूभाऊंना बोलावलं. "मागच्या गोदामातल्या दुसऱ्या ढिगावर आजपासून कोणी बसायचं नाही."

ते दारातच उभे राहिले. "ताई, तो बी गरम शे."