रिकाम्या गाडीत ब्रेक समजत नाई

ब्रेक दाबला की गाडी मागून एका बाजूला ओढते, असं सांगितल्यावर कोणताही मिस्त्री चाक खोलेल. अड्याळचा आमचा मिस्त्री आधी शेजारच्या टपरीवरून तिघांना उठवतो आणि माझ्या मालकांच्या जुन्या गाडीत मागे कोंबतो.

"रिकाम्या गाडीत मागचा ब्रेक समजत नाई."

"माहा चहा राह्यला ना बे," त्यातला म्हातारा कुरकुरतो.

त्या दिवशी फेऱ्या संपेचनात. दर फेरीनंतर मिस्त्री खाली उतरून मागची चाकं हुंगायचा. माझ्या खिशात फोन वाजत होता, मालकांचाच. आठवीत शाळा सोडलेली, सातारा कुठल्या कुठं राहिलेला. ही ड्रायव्हरची नोकरी गेली तर इथं मला कोण विचारणार?

"भाऊ, लवकर करा हो."

"काहून? मराची घाई हाय का?"

शेवटी डावं चाक खोललं. आत ब्रेक ऑइल गळून ब्रेकचे लायनर भिजले होते. फोन पुन्हा वाजला, तो त्यानेच घेतला.

"गाडी मीच अडवली जी. आज भेटत नाई. पोरगा सकायपासून माह्या मागं लागून हाय, त्याले बोलू नोका."

मी आभार मानणार, तोवर त्याने चावी आपल्या खिशात घातली.

"उद्या ये. आन् सकायी नोको येऊ, मी झोपून रायतो."