निळी वायर

गॅलरीत मी ओले कपडे टाकते ती निळी वायर आमच्या जुन्या कॉम्प्युटरच्या नेटची. तिला हात लागला की ती सकाळ आठवते.

अकरा वाजता माझ्या सुमाची नोकरीची मुलाखत कॉम्प्युटरवर होती आणि आवाज तुटत होता. "आई, आतलं नेटचं कार्ड आवाजाचे तुकडे साठवून एकदम सोडतं. मी त्याची थांबायची वेळ कमी करते. इथून तुझ्या मोबाईलवर कॉल लावते, तो घेऊन गॅलरीत जा, नीट ऐकू आलं की सांग."

गॅलरीत शेजारणी तांदूळ निवडत होत्या. "काय गो, कोणाचो फोन?" एकीने विचारलं. त्यांच्यासमोर फोनवर बोलायची मला लाज वाटली.

आत सुमाने त्या वेळेचा आकडा बदलला. "आता?" तुटकच. पुन्हा बदलला. "आता?" तिचा श्वाससुद्धा ऐकू आला. मी जोरात मान हलवली.

आत तिला काय दिसणार! "आई, बोल ना गं!" रडकुंडीला येऊन तिने आकडा परत बदलला. पुढे कितीदा बदलला, पण तसा आवाज आला नाही. मुलाखतीत समोरचे "ऐकू येत नाही" एवढंच म्हणत राहिले. नोकरी हातची गेली.

तेव्हा मी वायरला दोष दिला. आवाज एकदा नीट आला होता आणि मी नुसती मान हलवली, हे अजून सांगितलेलं नाही. आता सुमाचा फोन आला की आधी मान हलते, मग दचकून मी मोठ्याने "हो" म्हणते.

"ओरडतेस काय गं आई?" ती हसते.